लिफ्ट मागणारी बाई आणि यवतचं पिठलं

माझ्याकडे एक भुताची गोष्ट आहे. अगदी स्वतःची, फर्स्ट हँड. गेली कित्येक वर्षं ती मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, ट्रेकच्या शेकोटीभोवती, लग्नाच्या पंगतीत सांगत आलोय आणि दरवेळी ती हिट होते.

गोष्ट अशी. साल २००६. पहिली नोकरी, पहिला पगार आणि मित्राची सेकंडहँड मारुती. सोलापूरला एका दोस्ताचं लग्न आटपून आम्ही तिघं रात्री पुण्याला निघालो. जेवण तुडुंब झालेलं. बाकीचे दोघं ठार झोपलेले, गाडी मी चालवत होतो. रात्रीचे दोन वाजले होते. यवत जवळ आलं आणि हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेला एक बाई दिसली. पांढरी साडी, मोकळे केस, एक हात पुढे केलेला. लिफ्ट मागत होती! मी करकचून ब्रेक मारला. गाडी डांबरी सोडून कच्च्यावर उतरली आणि एकदाची थांबली. मागे वळून बघतो तर कोणी नाही.

इथे मी पॉझ घेतो. कोणीतरी हमखास 'बाप रे!' म्हणतं, कोणीतरी आपली मावशीच्या दिराची गोष्ट काढतं आणि पुढचा अर्धा तास मस्त जातो.

गेल्या डिसेंबरात मात्र या गोष्टीला भलताच श्रोता मिळाला. माझी भाची. वय चौदा, डोळ्यांवर चष्मा, हातात कायम पुस्तक. तिने नुकतीच एक इंग्रजी टीन हॉरर कादंबरी संपवली होती. त्यात एक छोटं गाव, एक पूल, पुलावरून उडी मारलेल्या मुलीची दंतकथा आणि त्या दंतकथेला हसणारी चार शाळकरी मुलं. हसणाऱ्यांचं पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

"मामा, आपल्याकडे असलं का नाही रे?" तिनं विचारलं.

आता हा आमच्या पिढीच्या इज्जतीचा प्रश्न होता! मी तिला नारायण धारपांबद्दल सांगितलं. गल्लीतल्या लायब्ररीतून 'लुचाई' आणून पांघरुणात घुसून वाचली होती आणि मग पाणी प्यायला उठायची टाप नव्हती, हेही सांगितलं. 'शपथ' ही स्टीफन किंगच्या 'इट'वरून बेतलेली, तर 'लुचाई' त्याच्याच 'सेलम्स लॉट'वरून. पण धारपांनी ती भुतं अशी काही मराठी वाड्यांत आणून बसवली की ती अमेरिकेतून आली असतील असं वाटूच नये. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, हृषीकेश गुप्तेंची 'हाकामारी', सगळं सांगितलं. 'हाकामारी' म्हणजे रात्री दाराशी येऊन नावाने हाक मारणारी. ओ दिली की संपलं. ही तर आपल्याकडची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली दंतकथा.

"ते वाचीन," भाचीबाई म्हणाल्या. "पण मला स्वतः लिहायचीय. आणि मला खरं लोकेशन पाहिजे. तुझी ती बाई कुठे दिसली होती? मला दाखव."

झालं. आली पंचाईत!

ती पंचाईत का, ते पुढे सांगतो. पण एका रविवारी सकाळी मी, भाची आणि तिची वही असे तिघं हडपसरवरून सोलापूर रोडला लागलो.

तुम्ही म्हणाल, यवतला काय बघायचंय? सोलापूर रोडने जाताना उरुळी कांचननंतर येणारं एक गाव, पुण्यापासून ४०-४५ किलोमीटरवर. आपण तिथून शंभरदा गेलेलो असतो, अक्कलकोटला, तुळजापूरला, हैदराबादला. थांबत कोणी नाही. पण भुताची गोष्ट अशाच जागी घडते. जिथे आपण कधी थांबत नाही तिथे काहीही असू शकतं, असं आपल्याला वाटत असतं.

लिफ्ट मागणाऱ्या बाईचंच घ्या. ती फक्त आपल्या हायवेवर नाही. अमेरिकेत १९४२ साली दोन अभ्यासकांनी या एकाच गोष्टीची तब्बल ७९ रूपं गोळा केली होती. रस्त्यावर कोणीतरी लिफ्ट मागतं, गाडीत बसतं आणि घर यायच्या आत गायब होतं. जॅन हॅरॉल्ड ब्रुनव्हँड नावाच्या लोककथांच्या अभ्यासकाने १९८१ मध्ये शहरी दंतकथांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच या गायब होणाऱ्या प्रवाशावरून ठेवलं. शिकागोची मेरी तर त्यांच्याकडे सेलिब्रिटी आहे. ती पांढऱ्या पार्टी ड्रेसमध्ये येते, आपली पांढऱ्या साडीत. बाकी सगळं सेम टु सेम! आणि ही गोष्ट सांगणारा नेहमी म्हणतो, 'माझ्या मित्राच्या मित्राला दिसली होती.' माझ्या हॉस्टेलवर एकजण शपथेवर सांगायचा की ती कात्रज घाटात असते, दुसरा म्हणायचा कसारा घाटात, तिसरा खंबाटकीत. बाईची सगळीकडे बदली होत असते बहुधा!

"पण तू तर स्वतः पाहिलीस ना," भाची म्हणाली. "म्हणून तर तुझी गोष्ट भारी आहे."

मी गिअर बदलला आणि विषयही बदलला. म्हटलं, आपलं सगळ्यात फेमस भूत कोणतं सांग.

"शनिवारवाड्यातलं. 'काका, मला वाचवा!'"

बरोबर. अमावास्येला म्हणा नाहीतर पौर्णिमेला, सांगणाऱ्याप्रमाणे तिथी बदलते, पण हाक तीच. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना भर वाड्यात मारलं. जीव वाचवायला ते धावले ते काकांकडे, राघोबादादांकडे. 'ध' चा 'मा' वगैरे नंतरच्या गोष्टी.

"नारायणराव केवढे होते माहितीये?" मी विचारलं. "जन्म ऑगस्ट १७५५ चा. हिशोब कर."

तिनं बोटं मोडली. "अठरा? फक्त अठरा? म्हणजे आपल्या दादाएवढे?"

तिचा मोठा भाऊ यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग वही काढून तिनं काहीतरी लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "आपली भुतं लहान असतात. तो मुंज्या बघ ना." २०२४ मधला 'मुंज्या' सिनेमा तिनं थेटरात दोनदा पाहिलाय. मुंज झाली पण पुढचं काही व्हायच्या आत गेलेला मुलगा, म्हणून पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. मला हे आजीने सांगितलेलं, पण कधी असं ओळीने लावून बघितलं नव्हतं. आपल्याकडे म्हातारपणी, नातवंडं बघून गेलेल्या माणसाचं सहसा भूत होत नाही. ज्यांचं अर्ध्यावर राहिलं त्यांचं होतं.

लोणी काळभोर गेलं, उरुळी कांचन गेलं. डिसेंबर म्हणजे उसाचा सीझन. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, डोंगराएवढा ऊस भरून त्या डुलत चाललेल्या. हायवे सोडून जरा आत शिरलं की गुऱ्हाळांचा वास येतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं चिक्कार. उकळत्या रसाचा तो गोड, जरासा करपट वास गाडीत भरला की बंगळूरच्या कॉफीचा विसर पडतो. गरम काकवी चाखायला मिळाली तर सोडू नका.

आधी यवतला न थांबता आम्ही उजवीकडे वळलो, भुलेश्वरला. कारण हॉररला लोकेशन पाहिजे तर यासारखं दुसरं नाही.

यवतजवळ हायवे सोडला की दहाएक किलोमीटरवर, माळशिरसच्या हद्दीतल्या डोंगरावर हे देऊळ आहे. तालुका पुरंदर, पण वाट यवतवरून. चढ सुरू झाला की ऊस मागे राहतो आणि उघडेबोडके माळ लागतात. लांबून बघाल तर हे देऊळ वाटतच नाही. घुमट, मिनारासारखी टोकं, किल्ल्यासारखी भिंत. किल्लाच होता तो! १६३० च्या सुमाराला ज्या आदिलशाही सरदाराने पुणं जाळलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, त्या मुरार जगदेवाने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला. त्याचे बुरूज अजून ढासळत उभे आहेत. देऊळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, साधारण तेराव्या शतकातलं, यादवांच्या काळातलं.

आत शिरलात की समोर गाभारा दिसत नाही, भिंत दिसते. बाजूच्या अंधाऱ्या पायऱ्यांनी वर चढायचं. बाहेरच्या उन्हातून गेल्यामुळे दोन मिनिटं काहीच दिसत नाही. नुसता गारवा आणि वटवाघळांचा वास. मग हळूहळू डोळे सरावतात आणि काळ्या दगडातून माणसं बाहेर यायला लागतात. युद्धातले हत्ती-घोडे, शरपंजरी पडलेले भीष्म, आरशात बघणाऱ्या सुंदऱ्या. आणि बहुतेकांचे हात तुटलेले, चेहरे फोडलेले. भाचीनं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. चौदा वर्षांची झाली तरी!

इथे एक गणपती आहे, तो चक्क बाईच्या रूपात. मांडी घालून बसलेली, सोंड असलेली देवी. कोणी गणेश्वरी म्हणतं, कोणी विनायकी. वर मान करून शोधा, पटकन दिसत नाही. भुलेश्वर नाव का, तर म्हणे पार्वतीने इथे नृत्य करून शंकराला भुलवलं.

पण या देवळाची खरी ख्याती पेढ्यांची. पिंडीखाली पोकळी आहे. ताटलीत पेढे ठेवून ती आत ठेवायची. थोड्या वेळाने बाहेर काढली की पेढे कमी झालेले असतात. देव खातो म्हणणारे आहेत, उंदीर खातो म्हणणारे आहेत, नाग खातो म्हणणारेही आहेत. पुण्यातल्या निम्म्या घरांत ही गोष्ट कोणी ना कोणी सांगितलेली आहे.

आम्हीही पेढे दिले. ताटली परत आली तेव्हा मी मोजायला वाकलो, तर भाचीनं झटकन रुमाल टाकला.

"मोजू नको ना!"

"अगं, त्यासाठीच तर आलो."

"मोजलं की चॅप्टर संपतो, मामा."

पॉइंट होता पोरीचा. बाहेर बुरुजावर बसून आम्ही पेढे खाल्ले. किती होते मला अजून माहीत नाही.

खाली यवतमध्ये उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि पोटात कावळे कोकलत होते. यवतला आल्यावर काय खायचं याचं उत्तर सोपं आहे, पिठलं-भाकरी. त्यामागे एक सुंदर गोष्ट आहे. आषाढीच्या वारीत पुण्याहून दोन्ही पालख्या निघतात आणि हडपसरला त्यांची वाट वेगळी होते. ज्ञानोबांची दिवे घाटाने सासवडला वळते आणि तुकोबांची याच सोलापूर रोडने येते. लोणी काळभोरनंतरचा मुक्काम यवतला, काळभैरवनाथाच्या देवळात. त्या संध्याकाळी सगळ्या गावाच्या चुली पेटतात आणि हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली जाते. दरवर्षी. जो हायवेवरून पायी आला तो उपाशी झोपायचा नाही, इतका सरळ हिशोब.

आम्ही रस्त्याकडेच्या एका छोट्या हॉटेलात बसलो. चार बाकडी, भिंतीवर विठोबा, गल्ल्यावर साठी ओलांडलेले काका. पिठलं झणझणीत, भाकरी तव्यावरून थेट ताटात, वर कांदा फोडून. भाचीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या (तिच्या आईला सांगू नका, ती घरी भाकरीला हात लावत नाही). पोट भरल्यावर तिनं वही उघडली.

"काका, इथं रात्रीची एक बाई दिसते ना? लिफ्ट मागणारी?"

"बाई?" काकांनी माझ्याकडे बघितलं. "पंचवीस वर्सं झाली मी हितं बसतोय. रात्री एक-दीडला बंद करतो. मला न्हाई दिसली कुठली बाई. ट्रका दिसत्यात."

"मामाला दिसली होती. २००६ मध्ये."

"असंल," काका म्हणाले. मला उगाच घाम फुटला. "तुला कशापायी पायजे गं ती?"

"मी पुस्तक लिहितेय. भीतीचं."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि आमच्या समोर येऊन बसले. "मग भूत कशाला पायजे? ह्यो रस्ताच लिही की. आमची नऊ पोरं गेली या रस्त्यावर. एका रातीत, एका गाडीत."

मला एकदम आठवलं. पेपरात वाचलं होतं, टीव्हीवर पाहिलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. जुलै २०१९. शुक्रवारची रात्र उलटून गेलेली. यवतचे नऊ तरुण रायगडला फिरायला जाऊन एका गाडीतून घरी परतत होते. कॉलेजला जाणारी, विशीच्या अलीकडे-पलीकडे असलेली मुलं. लोणी काळभोरच्या अलीकडे, कदमवाकवस्तीजवळ गाडी दुभाजक ओलांडून पलीकडे गेली आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. नऊच्या नऊ गेले. घर राहिलं होतं पंचवीस-तीस किलोमीटर.

सकाळी येताना मी त्याच जागेवरून आलो होतो. तेव्हा मी शिकागोची मेरी समजावून सांगत होतो.

भाचीनं हळूच विचारलं, "मग लोक काही सांगतात का? म्हणजे, तिथं रात्री कोणी दिसतं वगैरे?"

मला वाटलं, आता हे रागावणार. पण ते शांतपणे म्हणाले, "न्हाई. गावात कोण तसली गोष्ट करत न्हाई. पोरं व्हती ती आमची."

तिनं वही मिटली.

बाहेर एक ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता. काकांनी बोट दाखवलं. "ती ट्रॉली बघा. मागं लाल दिवा हाय का? न्हाई. रातच्याला ती दिसतच न्हाई. आपटल्यावर कळतं. बाई दिसून कोण मरत न्हाई, साहेब. ट्रॉली न दिसून मरत्यात." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "कधी निघताय?"

माझा प्लॅन असा होता की मुद्दाम अंधार पडू द्यायचा, म्हणजे भाचीला 'फील' येईल. तसं मी सांगितलं. काकांनी मान हलवली. "न्हाई. पोरीला घेऊन आलाय ना? उजेडात निघा. न्हाईतर ऱ्हावा हितंच, बाकडं हाय, गोधडी हाय. सकाळच्याला जा."

ओळख ना पाळख, आणि मुक्कामाची सोय! पण वारकऱ्यांच्या गावात हे नवल नसावं.

आम्ही उजेडात निघालो. सूर्य मागच्या काचेत नव्हता, थेट डोळ्यांवर होता, कारण संध्याकाळी पुण्याकडे येताना तो समोरच असतो. गाडी साठच्या पुढे नेली नाही. मागून दोघाचौघांनी हॉर्न मारून शिव्या घातल्या असतील, घालू देत. फोन वाजला, उचलला नाही. बराच वेळ भाची गप्प होती. उरुळी मागे पडल्यावर मला राहवेना.

"एक सांगू? ती बाई नव्हती."

"कोण?"

"२००६ ची. रस्त्यावर कोणीच नव्हतं. मला झोप लागली होती. एक-दोन सेकंद असेल. कच्च्यावर चाक उतरलं त्या धडधडीनं जाग आली, ब्रेक मारला. बाकीचे दोघं उठले, म्हणाले काय झालं. मी कसं सांगणार की मी झोपलो होतो, तुम्हाला मारणार होतो? तोंडातून निघून गेलं, बाई दिसली म्हणून."

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दोघांनाही नाही. त्यातला एक अजून ती गोष्ट त्याच्या पोरांना सांगतो. आणि खरं सांगायचं तर दरवेळी सांगताना मलाही ती थोडी जास्त दिसायला लागली होती. आधी नुसती साडी होती, केस नंतर आले, हात त्याच्याही नंतर.

"म्हणजे तू झोपलास आणि बिचारीवर ढकललंस?" भाची म्हणाली.

यावर काय बोलणार? टीन हॉररमध्ये मोठी माणसं अशीच असतात. 'इट'मध्येही तेच आहे, गावातल्या मोठ्यांना दिसत नाही, किंवा दिसूनही ते बघत नाहीत, आणि पोरांना एकट्याने लढावं लागतं. शनिवारवाड्यातली हाक तरी दुसरं काय सांगते? कोणीतरी लहान मोठ्याला हाक मारतंय आणि मोठा येत नाहीये. म्हणून अडीचशे वर्षं झाली तरी ती हाक थांबत नाही.

रस्ता अपघात म्हटलं की आपण पेपरचं पान उलटतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची, म्हणजे तुम्ही-आम्ही. शुक्रवारी डेडलाइन संपवून रात्री अकराला 'चल, निघूया' म्हणणारे, पहाटे गडाच्या पायथ्याशी पोचायचं म्हणून झोप मारणारे आणि रविवारी रात्री 'सोमवारी स्टँडअपला हजर पाहिजे' म्हणून डोळे ताणत परतणारे. मीही त्यातलाच. फरक एवढाच, माझ्या दोन सेकंदांत समोर ट्रक नव्हता. म्हणून माझी भुताची गोष्ट झाली.

कदमवाकवस्ती आली. भाचीनं ओळखलं, कारण तिनं पाट्या वाचायला सुरुवात केली होती. तिथे बघण्यासारखं काही नाही. दुकानं, दुभाजक, रविवार संध्याकाळची तुंबलेली गर्दी. मी रेडिओ बंद केला. तेवढंच.

हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तिनं वही परत काढली आणि पाचेक मिनिटं भराभर लिहिलं.

"मामा, मी तुझी बाई घेतेय पुस्तकात. चालेल?"

"अगं, पण ती खोटी आहे. सांगितलं ना."

"असू दे. पण ती लिफ्ट मागत नाहीये." तिनं खिडकीतून हात बाहेर काढून, तळवा पुढे धरून दाखवला. "हे लिफ्ट मागणं नसतं. हे 'थांबा' असतं. ड्रायव्हरला झोप येतेय हे तिला कळतं, म्हणून ती मधे येते. लोकांना वाटतं भूत आहे, ते घाबरून ब्रेक मारतात आणि वाचतात. ती कोणाची तरी मोठी बहीण असते बहुतेक."

मी तिला हात आत घ्यायला सांगितलं. शेजारून बाइक जात होती.

पुस्तकाची चार प्रकरणं झालीत. पेढ्यांचं प्रकरण झकास जमलंय, अजूनही कोणी मोजत नाही. आणि माझी गोष्ट? ती मी अजून सांगतो, कँटीनमध्ये, शेकोटीभोवती. फक्त आता शेवटी पॉझ घेत नाही. खरं काय झालं ते सांगतो. लोक पूर्वीपेक्षा जास्त गप्प होतात.

जायचंय?

कसं जाल : पुणे–सोलापूर हायवेने हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचनमार्गे यवत. भुलेश्वरला जायला यवतजवळ उजवीकडे वळा. रेल्वेने जायचं तर पुणे–दौंड मार्गावर यवत स्टेशन आहे.

काय बघाल : भुलेश्वराचं देऊळ, दौलतमंगळचे बुरूज, गावातलं काळभैरवनाथ मंदिर. देवळात टॉर्च न्या, मूर्ती अंधारात आहेत.

काय खाल : पिठलं-भाकरी, आणि सीझनमध्ये गुऱ्हाळावरची ताजी काकवी.

कधी परताल : उजेडात. डोळे मिटायला लागले तर गाडी कडेला घ्या, चहा प्या, झोप काढा. सोमवारचं स्टँडअप तुमच्याशिवाय होतं.